सत्काराचा मांडव

डॉ. विजयमाला खलाटे हिनं चहा गॅसवर ठेवला आणि रोजच्यासारखं फोन उघडून आधी स्वतःचंच नाव शोधलं. आता कुणी म्हणेल, सकाळी उठून माणूस देवाचं नाव घेतो, ही बाई स्वतःचं काय शोधत बसते? पण त्यात गर्व नव्हता हो. बाई पन्नाशी ओलांडलेली, पुण्यातल्या एका आरोग्य संस्थेत संशोधक. त्यांच्या धंद्यात अशी रीत आहे की तुम्ही शोधनिबंध लिहायचा, तो छापून यायचा, आणि मग जगात कुठंही कुणी त्याच विषयावर लिहिताना तुमच्या निबंधाचा आधार घेऊन खाली तुमचं नाव दिलं, की तुमच्या खात्यावर एक संदर्भ जमा होतो. त्या संदर्भांवर बढती ठरते, मान ठरतो, परदेशातली बोलावणी ठरतात. विजयमालाच्या संदर्भांनी त्या सकाळी तीन हजारांचा आकडा ओलांडला होता.

"तीन हजार झाले," ती मोठ्यांदा म्हणाली. ऐकायला घरात कुणी नव्हतं. तेवढ्यात चहा उतू गेला, म्हणून तिनं ओटा पुसला आणि उरलेला अर्धा कप उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

लग्न राहूनच गेलं होतं. ठरवून नव्हे, कामाच्या नादात. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मुलींची कोवळ्या वयात लग्नं का होतात आणि पुढं त्यांच्या शरीराचं काय होतं, हा तिचा विषय. वडगाव निंबाळकरच्या गोठ्यांपासून ते पार उजनीच्या काठच्या वस्त्यांपर्यंत ती वर्षानुवर्षं घरोघर हिंडली होती. तिचा सगळ्यात गाजलेला निबंध सांगायचा तर एवढाच होता: मागच्या पिढीनं पोरी पोटातच मारल्या, म्हणून आज पोरांना बायका मिळत नाहीत. तिशी उलटलेली पोरं घरोघर बसून आहेत. मग मुलाकडचेच म्हणतात, हुंडा नको, खर्च सगळा आमचा, तुम्ही फक्त पोरगी द्या. आणि पोरगी शाळेतनं उचलली जाते. ही गोष्ट नैरोबीत वाचली गेली, काठमांडूत वाचली गेली. कन्हेरीच्या पुढं असलेल्या तिच्या गावी, वाघजाईवाडीत मात्र "माला पुण्याला कायतरी लिवती" एवढंच माहीत होतं.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. भीमराव तिच्याहून मोठा. बापामागं त्यानं कॉलेज सोडलं, ऊस आणि गाया सांभाळल्या, आणि मालाला डॉक्टर केलं. सायकलच्या दांडीवर बसवून तिला बारामतीच्या स्टँडवर सोडणारा तोच. एरवी सणासुदीलाच त्याचा फोन यायचा. फक्त गेल्या दिवाळीत काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच नीट विचारलं होतं, आणि ती ओट्यावर बसून किती वेळ बोलत राहिली होती. आज त्यानं विचारलं, किती झालं गं तुझं ते? तिनं आकडा सांगितला. तो म्हणाला, मग आता गावानं तुझा सत्कार कराया नगं व्हय? येत्या रविवारीच मांडव घालतो.

विजयमाला हरखून गेली. खोटं कशाला सांगा, फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. इतक्या परिषदा झाल्या, मोठमोठ्या सभागृहांत मान मिळाला, पण आपल्या माणसांनी आपल्याला बोलवावं ही भूक काही वेगळीच. भावानं पाठवलेला फ्लेक्सचा फोटो तिनं संस्थेच्या ग्रुपवर टाकला. वहिनीला साडी घेतली, आईला शाल घेतली, आणि भाचीला, भीमरावाच्या राजेश्वरीला, बारावीच्या जीवशास्त्राची पुस्तकं घेतली. राजी नुकतीच अकरावी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं.

रविवारी वाडीच्या फाट्यावर उतरली तर समोर हा एवढा फ्लेक्स. विजयमालाचा हसरा फोटो, खाली "बालविवाहाविरुद्ध लढणाऱ्या वाघजाईवाडीच्या कन्येचा भव्य नागरी सत्कार, संदर्भसंख्या तीन हजार पार", आणि कडेनं सगळ्या भावकीचे फोटो. तिला हसूही आलं आणि बरंही वाटलं. पण घरापुढं पोचली तेव्हा मांडव बघून थोडं नवल वाटलं. एका शाल-नारळाला एवढा मोठा मांडव? आचारी बोलावलेले, मागं बुंदीची कढई चाललेली, इंदापूरकडच्या गाड्या रांगेनं लागलेल्या. भीमरावानं हात धरून तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. वहिनी, सारजा, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि "वन्सं, दमला असाल," एवढंच म्हणून मान वर न करता आत गेली. ही वहिनी एरवी बोलायला लागली की थांबत नसे.

राजी कुठाय, असं तिनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा उत्तर मिळालं आंघोळीला गेलीय, दुसऱ्यांदा मिळालं झोपलीय. मग विजयमाला पुस्तकांची पिशवी घेऊन स्वतःच आत गेली.

माजघरात राजेश्वरी पाटावर बसली होती. अंगाला हळदीचा वास, हातात मनगटापासून हिरवा चुडा, शेजारी मुंडावळ्या. पोरगी आत्याकडं बघून ना हसली, ना उठली. ही माणसं काय करायला निघालीत हे विजयमालाला एका क्षणात कळलं, कारण दुसऱ्यांच्या घरात हेच तिनं आयुष्यभर पाहिलं होतं.

"राजे, मला फोन का नाही केलास?"

पोरीनं चुड्यावरून नजर काढली नाही. "कशाला करू? आबा म्हनलं, आत्याला समदं म्हाईत हाय. तिचाच आशीर्वाद हाय. तुझंच जर व्हय म्हननं हाय, तर मी आजून कुनाकडं जायाचं हुतं?"

विजयमाला तिच्यापुढं बसली आणि काही बोलणार तोच बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आत आल्या. कुणीतरी गमतीनं तिला उठवून बाहेर पिटाळलं, सत्काराची बाई हितं काय करती म्हणून. पुस्तकं पाटापाशीच राहिली.

भीमराव गोठ्यात होता. नवा फेटा बांधून तो गाईपुढं वैरण टाकत होता. तिनं आवाज चढवला नाही. राजीला चुडा कशाला भरलाय, एवढंच विचारलं.

त्यानं आधी वैरण टाकून घेतली. मग म्हणाला, स्थळ चालून आलंय. पोरगं एमआयडीसीत पर्मनंट हाय, घरी ऊस हाय, खर्च समदा त्यांचा. वय विचारल्यावर तो म्हणाला, असंल तिशीच्या पुढं, कर्ता हाय की. आणि राजी सोळाची आहे, असं तिनं म्हटल्यावर त्यानं आईचं उदाहरण दिलं. आईचं लगीन तेराव्या वर्षी झालं, ती काय मेली?

"पण सत्कार कशाला मांडलास दादा? माझं नाव कशाला घातलंस यात?"

भीमरावाच्या तोंडावर लाज नव्हती. उलट आपण डोकं चालवलं याचं थोडं कौतुकच होतं. "आगं, हल्ली लग्नाचा मांडव दिसला की कोन ना कोन फोन करतंय. सत्काराच्या मांडवावर कोन संशय घेनार? त्यात सत्कार कुनाचा, तर बालविवाहावर लिवनारीचा. सत्कार झाला की साखरपुडा म्हनून सांगायचं, आन साखरपुड्यातच अक्षता टाकून मोकळं व्हायाचं. दिवाळीत तूच सांगितलं हुतंस की. लोकं वास्तुशांत म्हंत्यात, वाढदिवस म्हंत्यात, आन लगीन उरकत्यात म्हनून."

विजयमाला गव्हाणीच्या कडेला टेकली. अख्ख्या गावात एका माणसानं तिचं संशोधन मन लावून ऐकलं होतं, आणि त्याचा हा असा उपयोग केला होता. तिला दिवाळीतली ती संध्याकाळ आठवली. दादा ऐकतोय या आनंदात आपण किती बोललो, एकेक पळवाट कशी रंगवून सांगितली.

"एक सांग," भीमराव म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात तोरा नव्हता, खरंच विचारत होता तो. "तीन हजार लोकांनी तुझं लिवल्यालं धरून लिवलं म्हंतीस. त्यांनी एक तरी लगीन मोडलं का गं?"

तिनं गाईकडं तोंड फिरवलं. तो जवळ आला.

"आन आज तू मोडलंस, तर ह्या घराला तू मेलीस. आमच्याबिगर तुला कोन हाय, माले? जरा इचार कर."

हे मात्र खरं होतं. हे ऐकून तिला जे वाटलं ते राग नव्हतं, भीती होती. पुण्याचा तो फ्लॅट, ते बंद दार, आणि आता सणालाही कुठं जायचं नाही. तिनं विचार केला, अगदी मनापासून केला. कुणी त्यासाठी तिला नावं ठेवू नयेत.

मग ती घरामागं कडब्याच्या गंजीपाशी गेली आणि तिनं १०९८ ला, मुलांच्या मदतीसाठी असलेल्या सरकारी नंबरला, फोन लावला. मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, गाव सांगितलं. पलीकडची बाई शांतपणानं म्हणाली, तुमचं नाव आम्ही गुप्त ठेवू, बारामतीहून माणसं निघतील.

नाव गुप्त राहणार होतं. म्हणजे ती मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसली असती तरी चाललं असतं. माणसं आली असती, लग्न थांबलं असतं, संशय कुणा शेजाऱ्यावर गेला असता. घरही राहिलं असतं आणि राजीही वाचली असती. किती सोपं होतं! पण माणसं पोचेपर्यंत अक्षता पडल्या तर? आणि त्यांनी विचारल्यावर राजीनं पढवल्याप्रमाणं अठरा सांगितलं तर? का नाही सांगणार? तिच्या लेखी आत्याही यांच्यातलीच होती.

स्पीकरवर विजयमालाचं नाव पुकारलं गेलं. ती जाऊन बसली. तिला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पहिल्या रांगेत गावचे ग्रामसेवक फेटा बांधून बसले होते. गावातला बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्यानं ज्यांच्यावर टाकलीय ते हेच. त्यांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. सरपंच बोलले की आपल्या लेकीला तीन हजार संदर्भ मिळाले, आजवर जिल्ह्यात कुणाला मिळाले नाहीत. मागच्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, संदर्भ म्हंजी काय रं? तो म्हणाला, बक्षीस असंल. मग माईक विजयमालाच्या हातात आला, आणि बाजूला गुरुजी अंतरपाटाची घडी मोडायला लागले.

"माझ्या भावानं मला शिकवलं," ती म्हणाली. "त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. पण या मांडवात आता लग्न लागणार आहे. नवरी माझी भाची आहे आणि ती सोळा वर्षांची आहे."

मांडवात गडबड उडाली. ती थांबली नाही. माजघराच्या दाराकडं तोंड करून ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली.

"राजे, ऐकतीयास का? मला कुनी इचारलं नव्हतं. माझं व्हय न्हाय. माझं कंदीच व्हय नव्हतं. १०९८ ला फोन मी केलाय, दुसऱ्या कुनावर संशय घिऊ नगा. भाऊसाहेब, तुमी ग्रामसेवक हाय. फेटा उतरवा आन उठा."

कुणीतरी माईकची वायर ओढली. भावकीतले चारजण तिच्या अंगावर धावून आले, बायका ओरडायला लागल्या, गुरुजी चपला शोधायला लागले. ग्रामसेवक उठले, कारण आता एवढ्या लोकांदेखत बसून राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. थोड्या वेळानं बारामतीची माणसं आली. त्यांनी राजीला वय विचारलं. भीमराव तिच्याकडं टक लावून बघत होता. राजीनं बापाकडं पाहिलं, मग आत्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "सोळा."

इंदापूरच्या गाड्या वळल्या. नवरदेव, ऋषिराज त्याचं नाव, बराच वेळ खुर्चीतच बसून होता. जाताना तो विजयमालापाशी थांबला. त्याला राग आलेला दिसत नव्हता. "म्याडम, पोरी न्हाईत. मग आमी काय करायचं?" असं त्यानं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बापाच्या पिढीनं द्यायला हवं. सोनोग्राफीच्या दवाखान्यांपुढं रांगा लावणारे आज जिवंत आहेत, लग्नाला पुढच्या खुर्चीवर बसतात, आणि सुनेला दिवस गेले की त्यांचा जीव पुन्हा तसाच टांगणीला लागतो. त्यांनी केलेल्या पापाची किंमत सोळा वर्षांच्या पोरीनं भरायची, हा कुठला न्याय? तुम्हीही, वाचणारे, अशा मांडवात जेवून आला असाल. नवरी किती वर्षांची हे विचारलं होतं का कुणाला? बुंदी चांगली होती, एवढंच सांगत घरी आलात ना?

आईबापाकडून लेखी हमी घेऊन माणसं गेली. विजयमाला आईच्या पाया पडायला वाकली तर बनाबाईनं पाय मागं घेतले. लेकीनं आणलेली शाल तिनं लेकीच्याच हातात परत दिली.

"जा," ती म्हणाली. "मी मेल्याचं कळलं तरी यिऊ नगंस."

फाट्यापर्यंत ती एकटीच चालत गेली. सायकलच्या दांडीवर बसून गेलेला रस्ता हाच होता, पण मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही. एसटीत ती खिडकीशी बसली आणि पुणे येईपर्यंत रडली.

पुढचे महिने कसे गेले ते काय सांगावं? भीमराव फोन उचलेना. कुरिअरनं पाठवलेली राखी परत आली. दिवाळीत तिनं सुट्टीच घेतली नाही, कारण सुट्टी घेऊन जायचं कुठं? संस्थेत मात्र तिचं फार कौतुक झालं. एक तरुण सहकारी म्हणाला, मॅडम, हे सगळं लिहून काढा, असा निबंध कुणी लिहिला नसेल, संदर्भांचा पाऊस पडेल. ती त्याला रागावली नाही. नाही लिहिणार, असं म्हणून तिनं आपला डबा उघडला. राजीचं काय झालं हेही तिला सरकारी माणसांकडूनच कळायचं. पोरगी कॉलेजला जाते, एवढंच ते सांगायचे. पोरीला आपला राग असेल, असं विजयमालानं मनाशी धरलं होतं. घर मोडलं ते आपल्यामुळं, आणि राहायचं मात्र तिला त्याच घरात.

थंडी पडली होती. संस्थेत दुपारची बैठक चालू असताना तिच्या फोनवर अनोळखी नंबर आला. ती उठून बाहेर जिन्यात आली.

"आत्या, मी राजी. मैत्रिणीच्या फोनवरनं बोलतीय."

कशी आहेस, एवढंच विजयमालानं विचारलं. राजी म्हणाली, बरी हाय. आबा बोलत न्हाईत. आजी जेवाय वाढती, पन बोलत न्हाय. आई कुनी नसलं की बोलती. हे सगळं ती तक्रार केल्यासारखं नाही, हवापाणी सांगितल्यासारखं सांगत होती. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या आवाजातला तो एकटेपणा विजयमालाला चांगलाच ओळखीचा होता.

"आत्या, फोन ह्येच्यासाठी केला की, माझ्या वर्गातली म्हाळसा हाय. तिचं उद्या हाय. इंदापूरकडं. सत्यनारायन म्हनून मांडव घातलाय."

"गावाचं नाव सांग. मी लगेच फोन करते," विजयमाला म्हणाली. "तू यात पडू नकोस राजे. माझं नाव दे हवं तर, मी आहे."



"तुझं नाव नगं," राजी म्हणाली. "फोन मीच करनार हाय. माझं नाव सांगनार हाय. म्हाळसाला कळाया पायजे, कुनीतरी हाय म्हनून. मी १०९८ वाल्यांना हितंच जोडून घेती. तू नुसती लाईनीवर ऱ्हा. बोलू नगंस. पन ऱ्हा."

आतून कुणीतरी बैठकीला हाक मारली. विजयमाला जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आहे गं मी," ती म्हणाली.

घंटी वाजू लागली. पलीकडं कुणीतरी फोन उचलला, आणि राजेश्वरीनं वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं.